क्लिपलेस पेडल आणि आपले गावरस्ते: आधी पाय काढायला शिका

क्लिपलेस पेडल म्हणजे बुटाच्या तळव्याला बसवलेला तुकडा, म्हणजे क्लीट, खटक्यात अडकवून पाय धरून ठेवणारं पेडल. ते शिकवणारे बहुतेक व्हिडिओ सिग्नलपासून सुरू होतात. लाल दिवा दिसला की पाय सोडवा, थांबा, हिरवा झाला की निघा. आता आपल्या विदर्भात, दर्यापूर-अंजनगाव रस्त्यावर किंवा आर्णीच्या पुढे हा दिवा शोधायचा कुठे? आपल्याकडे थांबावं लागतं ते धुऱ्यावरून एकाएकी रस्त्यात उतरलेल्या शेळ्यांसाठी, वळणावर उलट्या बाजूने आलेल्या बंडीसाठी, गावाच्या तोंडाशी कोणी तरी रातोरात घातलेल्या ब्रेकरसाठी. यातलं काहीच आधी कळवून येत नाही. म्हणून इथं शिकण्याचा क्रम उलटा ठेवावा लागतो: पाय काढणं आधी, अडकवणं नंतर आणि वेग सगळ्यात शेवटी.

कोणतं पेडल घ्यायचं

बाजारात मुख्य दोन प्रकार. पहिला शर्यतीच्या सायकलींचा: बुटाच्या तळव्याला तीन बोल्टने बसणारं मोठं प्लास्टिकचं क्लीट. शिमानोचं एसपीडी-एसएल आणि लूकचं केओ ही त्यातली नेहमीची नावं. लूक ही फ्रेंच कंपनी मुळात बर्फावरच्या स्कीला बूट अडकवायचे खटके बनवायची. तोच खटका तिने 1984 मध्ये सायकलच्या पेडलवर आणला आणि 1985 ची टूर द फ्रान्स बर्नार्ड इनो यांनी ही पेडलं वापरून जिंकली. टाच बाहेर वळवली की पाय सुटतो, ही युक्ती तिथूनच आलेली. दुसरा प्रकार दोन बोल्टचा: लहानसं धातूचं क्लीट, बुटाच्या तळव्यातल्या खोबणीत आत बसणारं. हे शिमानोचं एसपीडी, 1990 पासूनचं.

तुमच्याकडे रोडबाइक असली तरी माझा सल्ला दोन बोल्टचाच. दुकानदार कदाचित तीन बोल्टचं गळ्यात मारेल, कारण रोडबाइकवर तेच ‘शोभतं’. पण आपल्या रस्त्यावर सायकल हातात धरून चालावं लागतं. रपट्यावरून पाणी वाहतंय, पुलाचं काम चालू असल्याने गिट्टीतून वळण काढलंय, पंक्चर झालं आणि पुढचा फाटा दोन किलोमीटरवर आहे. अशा चालण्याने तीन बोल्टचं प्लास्टिक पाहता पाहता झिजतं, आणि टपरीच्या टाइल्स लावलेल्या ओट्यावर तर त्यावर उभंही राहवत नाही. दोन बोल्टच्या बुटात तुम्ही माणसासारखं चालता.

पेडल दोन्ही बाजूंनी अडकणारं घ्या, शिमानोचं एम520 हे साधं आणि टिकाऊ उदाहरण. एका बाजूला सपाट आणि दुसऱ्या बाजूला खटका असलेलं पेडलही मिळतं. चपला घालून बाजारात जायला ते सोयीचं, पण रस्त्यावर प्रत्येक वेळी कोणती बाजू वर आहे हे खाली वाकून बघावं लागतं. नवशिक्याची नजर रस्त्यावरून हटायला एवढं पुरतं.

क्लीटमध्येही निवड आहे, आणि ती कोणी समजावून सांगत नाही. एसपीडी पेडलसोबत साधारणपणे एसएच51 हे काळं क्लीट येतं. ते टाच बाजूला वळवल्यावरच सुटतं. एसएच56 हे चंदेरी क्लीट वेगळं मागवावं लागतं, ते टाच वळवून सुटतंच, शिवाय घाबरून पाय जोरात वर ओढला तरी सुटतं. शिकताना 56 लावा. चढावर उभं राहून जोर लावताना ते कधी कधी नको तेव्हा सुटतं, हा त्याचा तोटा. पण तोवर तुम्ही 51 वर जायच्या लायकीचे झालेले असाल.

बसवणं

पेडल बसवायला 15 चा पाना किंवा पेडलप्रमाणे 6 वा 8 मिलिमीटरची अॅलन की लागते. उजव्या पेडलचे आटे सुलटे, डाव्याचे उलटे. लक्षात ठेवायची सोपी खूण: सायकलच्या ज्या बाजूला उभे आहात, त्या बाजूने पान्याचं वरचं टोक पुढच्या चाकाकडे फिरवलं की घट्ट होतं. आट्यांना ग्रीस लावल्याशिवाय बसवू नका. आधी हाताने दोन-तीन फेरे फिरवा, सहज गेलं तरच पाना लावा. आटे चुकवून जबरदस्तीने आवळलं तर क्रँक (पेडल ज्यात बसतं तो दांडा) कामातून जातो, आणि तालुक्याच्या ठिकाणी तो बदलून मिळेल याचा भरवसा नाही.

क्लीट कुठे बसवायचं यावर गुडघ्यांचं भवितव्य ठरतं, म्हणून इथे घाई नको. बूट घाला, अंगठ्याच्या मुळाशी असलेलं फुगीर हाड बाहेरून चाचपा आणि बुटावर त्या जागी पेनने खूण करा. करंगळीच्या मुळाशीही तसंच हाड लागेल, तिथे दुसरी खूण. पेडलचा आस या दोन खुणांच्या मधोमध यायला हवा. नेमकं जमत नसेल तर क्लीट पुढे सरकवण्यापेक्षा थोडं मागे, टाचेकडे घ्या. पुढे गेलेल्या क्लीटने पोटऱ्या भरून येतात.

आता कोन. खुर्चीवर बसा, पाय मोकळे लोंबू द्या आणि चवडे आपोआप कुठे वळतात ते पहा. बऱ्याच लोकांचे पाय थोडे बाहेर वळतात, काहींचे एकच. क्लीट पायाच्या या सवयीप्रमाणे लावायचं. सरळ दिसावं म्हणून पाय पिळायचा नाही. एसपीडी क्लीटमध्ये पाय सुमारे 4 अंश हलायला मोकळा असतो, तो चुकीला थोडी माफी देतो, जास्त नाही. बोल्ट 4 मिलिमीटरच्या अॅलन कीने 5 ते 6 न्यूटन-मीटरपर्यंत आवळतात. टॉर्कचा (आवळण्याचा जोर दाखवणारा) पाना नसेल तर छोटी की घेऊन मनगटाच्या जोराने घट्ट करा. सैल क्लीट बुटावरच फिरतं, मग टाच कितीही वळवा, पाय सुटत नाही. पहिल्या चकरेनंतर पुन्हा आवळा.

शेवटचं म्हणजे खटक्याचा ताण. पेडलवर 3 मिलिमीटरचा छोटा स्क्रू असतो, शेजारी अधिक-उणे खूण. दोन बाजूंच्या पेडलच्या जोडीत असे चार स्क्रू आहेत. चारही उण्याकडे पूर्ण सैल करा, त्यापुढे घट्ट करताना चौघांनाही सारखेच खटके द्या. एखादी बाजू घट्ट राहिली की नेमकी तीच तुम्हाला चौकात पाडते.

सराव, अंगणापासून

पहिले दोन दिवस सायकल जागची हलवायची नाही. ओसरीच्या खांबाला किंवा भिंतीला धरून सीटवर बसा. पेडल खाली आणा, बुटाचं पुढचं टोक पेडलमध्ये घाला, मग चवड्याने खाली दाबा. ‘खट्’ आवाज आला की पाय बसला. काढताना पाय वर ओढायचा नाही, पुढे ढकलायचा नाही, फक्त टाच सायकलपासून बाहेर वळवायची. पेडल सगळ्यात खाली असताना हे सर्वांत सोपं जातं. एकेका पायाने इतक्या वेळा करा की बोलता बोलता होईल. घरच्या कोणाला गप्पा मारायला समोर बसवा. हात नि तोंड दुसरीकडे गुंतलेलं असताना पाय सुटतोय का, हीच खरी परीक्षा.

मग मैदान. सुटीच्या दिवशी झेडपीच्या शाळेचं पटांगण किंवा लिलाव नसलेल्या दिवशी बाजार समितीचं आवार उत्तम. तिथे फक्त उजवा पाय अडकवा, डावा मोकळा ठेवून गोल फिरा. पुढच्या खेपेला दोन्ही अडकवा आणि ठरवलेल्या जागी थांबा. जमिनीवर बाटली ठेवा, ती 20-25 मीटरवर आली की डावा पाय सोडवा, मोकळा पाय पेडलवर मधल्या तळव्याने नुसता टेकवून ठेवा, आणि मग ब्रेक दाबा. क्रम कायम हाच: पाय आधी, ब्रेक नंतर. सायकल पूर्ण थांबल्यावर पाय आठवला तर उशीर झाला.

डावा पाय का? आपण रस्त्याच्या डाव्या कडेला चालतो, म्हणून. पण एक सापळा आहे. काळ्या मातीच्या मुलखात साइडपट्टी दबते आणि डांबराची कड वीतभर उंच राहते. तुम्ही कडेला थांबून डावा पाय टाकता, तो अपेक्षेपेक्षा खूप खाली जातो आणि माणूस सायकलसकट शेतात. म्हणून थांबायच्या आधी जमीन बघा. कड उंच असेल तर डांबरावर अर्धा मीटर आत थांबा, मागे वाहन नसल्याची खात्री करून.

सायकल नको त्या बाजूला कलते ही दुसरी भीती. डावा पाय मोकळा केला आणि सायकल उजवीकडे गेली तर? थांबण्याच्या शेवटच्या क्षणी हँडल किंचित उजवीकडे वळवा, सायकल डावीकडे कलते. मैदानात हे चार वेळा करून पहा, पटेल.

शेवटी गोंधळाचा सराव. मित्राला सोबत फिरायला लावा, त्याने मनाला येईल तेव्हा “थांब गा!” म्हणून ओरडायचं. पोट्टे हे काम आनंदाने करतात. दहा हाकांपैकी दहा वेळा पाय सुटला की रस्त्यावर उतरा.

तरीही एखाद वेळी पडाल. वेग शून्य असताना, बहुधा टपरीसमोर, आणि कोणी तरी विचारेलच, “काहून बावा, पायाले पेडल चिपकलं का?” अशा पडण्यात हात बाहेर काढू नका. मनगट आणि गळ्याजवळचं हाड असंच मोडतं. हँडल धरून ठेवा, कोपर अंगाशी घ्या आणि बाजूवर पडा, मार खांद्याला नि मांडीला वाटून जातो. हेल्मेट घरून निघतानाच घालायचं, हे वेगळं सांगायला नको.

निघताना आणि चढावर

निघताना गिअर हलका हवा, म्हणजे तो थांबायच्या आधीच बदललेला हवा. उजवा पाय अडकवून पेडल घड्याळातल्या दोनच्या जागी आणा, जोर द्या, सीटवर बसा. दुसरा पाय पहिल्याच फेऱ्यात बसला नाही तर खाली वाकून शोधत बसू नका. मधल्या तळव्याने पेडल मारत राहा. रस्ता ओलांडायचा असेल तर आधी पलीकडे पोहोचा, खटका नंतर लागेल.

चढावर हेच अवघड जातं, कारण एका फेऱ्यातच वेग मरतो. परतवाड्याहून चिखलदऱ्याला निघालेल्याला हे लवकरच कळतं. परतवाडा पायथ्याशी आणि चिखलदरा 1,118 मीटरवर, त्यामुळे धापा टाकत मध्ये थांबावं लागणारच. थांबाल तेव्हा जरा सपाट वळण किंवा दगडी कठड्यालगतची रुंद जागा निवडा. निघताना दोन्ही बाजूंनी वाहन नसेल तरच रस्त्याला तिरकं निघा, चढ कमी होतो आणि पाय बसवायला दोन फेरे जास्त मिळतात. उतारावर दोन्ही पाय अडकलेलेच ठेवा. घाबरून एक पाय बाहेर काढून वळण घेणं जास्त धोक्याचं, कारण वळणाच्या बाहेरच्या बाजूचं पेडल खाली ठेवून त्यावर वजन दिल्यानेच चाक रस्त्याला धरून राहतं. ब्रेक वळणाआधी, वळणात नाही. घाटात माकडं असतात आणि ती वळणातच बसतात.

पाय फिरवण्याची सवय आणि गुडघे

जुन्या काळ्या सायकलीवर वाढलेले आपण जड गिअर हळूहळू रेटतो. क्लिपलेसवर तेच केलं तर गुडघे बोलू लागतात. मिनिटाला 80 ते 90 फेरे ही चांगली चाल. मोजायला मीटर नको: घड्याळ बघून 15 सेकंदांत उजवा गुडघा किती वेळा वर आला ते मोजा, 20 ते 22 हवा. ‘पाय वर ओढा, दुप्पट ताकद मिळेल’ हा सल्ला सर्रास दिला जातो, तो सोडून द्या. वर येणाऱ्या पायाने फक्त स्वतःचं ओझं पेडलवरून काढून घ्यावं, तेवढं पुरे.

सीटची उंची बुटामुळे थोडी बदलते, म्हणून पुन्हा तपासा. बूट घालूनच टाच पेडलवर ठेवून पेडल सगळ्यात खाली नेलं की पाय जेमतेम सरळ व्हावा. मग चवडा पेडलवर आला की गुडघ्यात हवा तेवढा बाक आपोआप येतो. पुढे दुखणं आलंच तर जागा बघा. गुडघ्याच्या पुढून दुखत असेल तर बहुधा सीट खाली आहे किंवा गिअर जड आहे. मागून दुखत असेल तर सीट वर. आतून किंवा बाहेरून दुखत असेल तर क्लीटचा कोन चुकलाय, दोन-एक अंश बदला आणि पुन्हा चालवून पहा. एका वेळी एकच बदल. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी 2017 मध्ये रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करणारी सायकल शर्यत एकट्याने पूर्ण केली, ते पाहून पुष्कळांना लांब पल्ल्याचे वेध लागतात. 200 किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब फेरीला, साडेतेरा तास मिळतात. त्यातले दहा तास मिनिटाला 80 च्या चालीने पेडल मारलं तर 48,000 फेरे होतात. क्लीट थोडं तिरकं असेल तर ती चूक तितक्या वेळा गुडघ्यात जाते.

रस्त्याचे रिवाज

शिकताना रस्ता निवडा. समृद्धी महामार्गावर दुचाकीलाच बंदी, सायकलचा प्रश्न नाही. अमरावती-अकोला रस्ता गुळगुळीत आहे, जून 2022 मध्ये तिथे 75 किलोमीटरचं डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत करून गिनीज विक्रम झाला होता. पण तिथले ट्रक वेगात असतात आणि फाट्याफाट्यावर उलट्या दिशेने मोटरसायकली येतात. पाय सवयीचे होईपर्यंत जिल्हा परिषदेचे आडरस्तेच बरे. वणी, घुग्घुसकडे कोळशाचे हायवा (मोठे टिपर ट्रक) जातात. मोठं वाहन जवळून गेलं की हवा आधी बाहेर ढकलते नि मग आत ओढते. हँडल सैल पण पक्कं धरा आणि कडेची एक हात जागा मोकळी सोडून चाला, म्हणजे डगमगायला वाव राहतो.

ब्रेकर दिसला की दोन्ही पेडल सपाट रेषेत आणा, सीटवरून किंचित उठा, गुडघे-कोपरं सैल सोडा. पाय अडकलेले असल्यामुळे सायकल सोबतच येते. गावाची पाटी दिसली की डावा पाय सुटा करायचा, हा नियमच करून टाका. पुढे अडथळा असो वा नसो.

शकुंतलेचे, म्हणजे जुन्या नॅरोगेज रेल्वेचे, रूळ रस्त्यात जिथे अजून शिल्लक आहेत, तिथे ते काटकोनात ओलांडा. दिवाळीच्या आगेमागे रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं असतं, नंतर तूर येते. त्या दाण्यांवर चाक घसरतं, शिवाय ते कोणाचं तरी पीक आहे. वळसा घाला, जागा नसेल तर उतरून चाला. थंडीत पहाटे धुक्यात कापसाच्या ट्रॉल्या मागच्या दिव्याशिवाय चालतात, काही तर बिघडून जागीच उभ्या असतात. मागे लाल, पुढे पांढरा दिवा दिवसाही सुरू ठेवा.

एक रोही (नीलगाय) रस्ता ओलांडून गेली की वेग वाढवू नका, मागून दुसरी येतेच. कुत्र्याला लाथ मारायला पाय काढणारा बहुतेक वेळा स्वतःच पडतो. वेग कमी करा, दोन्ही पाय सोडवा, उतरा आणि सायकल मध्ये धरा. उतरलेल्या माणसात कुत्र्यांना सहसा रस राहत नाही.

बाभळीचे काटे, विशेषतः कुंपणं छाटतात त्या दिवसांत, टायरच्या मुळावर उठतात. 28 ते 32 मिलिमीटरचं टायर, दोन जादा ट्यूब आणि पंप सोबत असावा. गावातला पंक्चरवाला उत्तम काम करतो, पण त्याची नळी मोटरसायकलच्या व्हॉल्व्हची. तुमचा व्हॉल्व्ह बारीक प्रेस्टा असेल तर पितळेचं छोटं अडॅप्टर आधीच व्हॉल्व्हला लावून ठेवा, आणि कॉम्प्रेसरने भरताना भाऊंना थोडी थोडी हवा सोडायला सांगा. तेवढ्या लहान ट्यूबमध्ये ती क्षणात भरते.

एप्रिल-मेमध्ये उजाडायच्या आत निघून साडेआठपर्यंत घरी. उन्हात पाय सुजतात, बूट आवळलेले असतील तर चवड्याखाली आग होते आणि बोटं बधिर होतात. अर्ध्या वाटेत पट्टे सैल करा. पाण्यासोबत मीठ-साखर ठेवा: एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

काळी माती आणि देखभाल

पावसाळ्यात पांदण रस्त्यावर पाय टाकला की क्लीटच्या खोबणीत माती बसते आणि खटका लागत नाही. त्याहून वाईट म्हणजे अर्धवट लागतो. बाभळीच्या काडीने किंवा जुन्या टूथब्रशने ती काढा, बाटलीतलं थोडं पाणी ओता, आणि निघण्याआधी पाय एकदा आत-बाहेर करून पहा. चिकण माती टायर आणि चाक धरणाऱ्या चिमट्याच्या मध्ये भरली की चाकच फिरेनासं होतं, तेव्हा तशा वाटेवर सायकल उचलून न्या.

घरी आल्यावर पेडल पाण्याने धुवा, खटक्याच्या सांध्यांत तेलाचा एकेक थेंब द्या, जास्तीचं पुसून टाका. क्लीटच्या बोल्टच्या डोक्यातली खाच मेणाने किंवा ग्रीसने भरून ठेवा. नाही तर वाळलेली माती तिथे सिमेंट होऊन बसते आणि अॅलन की आत जात नाही. बोल्टवरून क्लीटवर येईल अशी मार्करची एक रेघ ओढली तर बोल्ट सैल झालेला लगेच दिसतो.

डावं क्लीट उजव्याच्या आधी झिजतं, कारण तोच पाय जास्त वेळा सुटतो आणि जमिनीवर टेकतो. पाय कमी ताकदीत सुटायला लागला, किंवा जोर लावताना आपोआप निघाला, की ताणाचा स्क्रू आवळून वेळ मारून नेऊ नका. जोडी बदला, तीही दोन्ही एकदम. जुनं काढण्यापूर्वी त्याच्या कडेने बुटावर पेनने रेघ मारून घ्या म्हणजे जागा हरवत नाही. तालुक्याला क्लीट मिळत नाही, नागपूर-अमरावतीहून किंवा ऑनलाइन मागवावं लागतं, तेव्हा मृगाच्या आधीच एक जोडी घरात आणून ठेवा.